वापर

बुधवारची प्रार्थनासभा. लाइट गेलेली.
पाळकबुवांच्या मोबाइलच्या उजेडात
सगळ्यांच्या हनुवट्या तेवढ्या दिसत होत्या.
तेव्हा मी मोठ्यानं म्हणालो,
प्रभू, मला वापर.

आमच्यात हे सगळेच म्हणतात, जिभेला सवय आहे.
पण त्या रात्री मी मनापासून म्हटलं,
आणि मनात, खोटं कशाला बोलू,
अमरावतीचं एक स्टेज होतं,
इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात माइक,
आणि शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचणारा माझा आवाज.

गुरुवारी उजाडायच्या आत
शांतवनकाका दारात, खांद्यावर टिकास.
"सलोमी आजी गेली रात्री.
याकोबाचे गुडघे वाकत नाहीत आता,
पोट्टे सारे चाकणले.
येशीन का तू?"

अंधारात शर्ट चाचपला. पांढरा हाताला लागला.
तो परत खुंटीला अडकवला.

मे महिना. नाल्यापलीकडचं आमचं कबरस्थान,
दोन पळस, एक बाभूळ, कुंपणाची तार कोणीतरी नेलेली.
काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा
आणि दोन भेगांच्या मधे मातीचा नुसता दगड.
टिकास आपटलं की उसळून परत यायचं,
झिणझिण्या थेट दातांपर्यंत.
काका बाभळीखाली बसून काठीनं माप सांगत होते,
"आजी बुटकी होती. पाच फूट लय झाले."

एक हात खोल जायला ऊन डोक्यावर आलं.
मी देवाशी भांडत होतो,
गळा तूच दिला होता ना मला?
मग हे फोड हाताला काहून?
त्यानं काही उत्तर दिलं नाही.
शेळ्या घेऊन लेतू आत्राम आला.

उभा राहिला. बराच वेळ पाहिलं.
मग म्हणाला, "सरक."
माझ्या हातातून टिकास घेतलं.
"भेगीवर मार ना. ढेकळावर काहून मारतं?"
आणि जमीन सुटायला लागली, भाकरीसारखी,
तुकड्यातुकड्यानं.
त्याच्या कमरेएवढं होईस्तोवर तो थांबला नाही.
शेळ्यांनी तेवढ्यात आमच्या दोन फुलांच्या माळा खाल्ल्या.

मी विचारलं, "आजी तुझ्या ओळखीची होती?"
"नाही."
"मग?"
"अर्धा खड्डा दिसला, म्हून आलो."
पाणी प्याला, खर्रा मागितला, माझ्याकडे नव्हता, गेला.
त्यानं कधी कुठल्या सभेत
हात वर केले नसतील.

उरलेलं मी उकरलं.
काळी संपली, खाली पांढुरका मुरूम,
चुनखडीचे खडे, आणि गार.
वर बेचाळीस डिग्री, आणि खाली माठाच्या बुडासारखं गार.
तिथं उकिडवा बसून मला माझ्या आईची मांडणी आठवली.
वरच्या फळीवर नाव कोरलेली भांडी, पाहुण्यांची,
वर्षातून दोनदा चिंच लागायची त्यांना.
आणि चुलीपाशी वापराची.
बूड काळं, काठ चेपलेला,
ज्वारीच्या कण्या रोज त्यातच शिजायच्या.
आई त्यांना नाव घेऊन नाही, हात लांब करून ओळखायची.

मी मागताना शब्द तपासला नव्हता.

संध्याकाळी गीत मीच धरलं.
आवाज फाटला, मातीनं घसा बसला होता.
आजीच्या नातीला तरी तो पुरला असावा,
तिनं दुसऱ्या ओळीपासून साथ दिली.

आता एकोणीस झाल्या.
टिकासाचा दांडा दोनदा बदलला, दोन्ही वेळा बाभळीचा.
स्टेज अजून कधीकधी दिसतं, नाही असं नाही.
बुधवारी एखादं पोरगं डोळे मिटून म्हणतं, प्रभू, मला वापर,
मी मागच्या चटईवरून हळूच आमेन म्हणतो
आणि त्याचे तळहात बघतो.

रात्री-बेरात्री कडी वाजते.
कोण गेलं ते कळायच्या आधी,
मी "हो" म्हणायच्याही आधी,
माझे पाय अंधारात
चपला शोधत असतात.